खूण नसलेली पिन

निवेदन करणार श्री. सुकलाल धुडकू लोहार, वय सुमारे सत्तेचाळीस, धंदा लेथवरील टर्नर, मूळ राहणार पांझरा नदीकाठचे, जिल्हा धुळे, हल्ली राहणार पांडेसरा, सुरत. घटनेचा काळ सुरतेतील प्लेगच्या सालानंतरचे दुसरे वर्ष, नवरात्र बसण्याच्या आधीचा रविवार ते बुधवार. घटनेची जागा कतारगाम येथील मागाचे सुटे भाग करण्याचा कारखाना आणि कामरेजच्या पुढील उसाच्या शेतांना लागून असलेले मोकळे रान. साक्षीदार क्रमांक एक, कारखान्याचे मालक जयंतीभाई. साक्षीदार क्रमांक दोन, निवेदन करणाराची पत्नी सिंधूबाई. साक्षीदार क्रमांक तीन, हवाई दलातील एक अधिकारी साहेब व त्यांचे तपासनीस, ज्यांची नावे त्या वेळी विचारण्याचे राहून गेले, आणि ते राहून गेल्यामुळेच हे निवेदन लिहिण्याची वेळ आली आहे. पुढील मजकूर सुकलाल यांनी सांगितला तसा, त्यांच्याच क्रमाने व त्यांच्याच तोंडून, अर्ज लिहिणाऱ्या भाऊसाहेबांनी घेतला आहे.

भाऊसाहेब, तुम्ही म्हणालात की मुळापासून सांगा, म्हणून मुळापासून सांगतो, नाहीतर लोक एकदम हेलिकॉप्टरच विचारतात आणि अर्धे ऐकून हसत निघून जातात. माझे वडील धुडकू लोहार. आमच्या गावात आणि भोवतालच्या पाच-सात गावांत त्यांचा हात प्रसिद्ध. विळा, खुरपे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, जे जे भात्यासमोर बसून होते ते सर्व त्यांनी केले, आणि प्रत्येक वस्तूवर, ती लहान असो की मोठी, मुठीजवळ तीन टिंबांची खूण ठोकली. वर एक टिंब, खाली दोन. चुलीच्या तीन दगडांसारखी.

मी सात-आठ वर्षांचा असेन. एक परगावचा माणूस मोडका विळा घेऊन आमच्या दारात आला. विळा किती जुना ते त्यालाही आठवत नव्हते, त्याच्या बापाने घेतलेला. वडिलांनी तो हातात घेतला, अंगठ्याने पाते पुसले, तीन टिंबे दिसली, आणि लगेच भट्टी पेटवली. विळा पुन्हा जोडून, धार लावून, पाणी पाजून परत दिला आणि काहीही घेतले नाही. मी विचारले, आबा, हे फुकट का केले? तर ते म्हणाले, पोऱ्या, खूण करी म्हणजे जबान दिधी. मोडनं ते लोके माले धुंडत येतीन. जो लोहार खूण करस नही, तो पयाले मोकया ऱ्हास. म्हणजे खूण केली की शब्द दिला, मोडले तर लोक शोधत येतील, आणि ज्याने खूण केली नाही त्याला पळून जायची वाट मोकळी असते. हे वाक्य मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, शाळा माझी चौथीत सुटली, पण हे वाक्य सुटले नाही.

पुढे वडील गेले, गावात तयार विळे दुकानात मिळू लागले, आणि आमच्या भागातली अर्धी माणसे सुरतेला येतात तसा मीही आलो. पांडेसऱ्यात चुलतभावाच्या खोलीत उतरलो. तिथे रंगाच्या कारखान्यात कापड ओढायचे काम मिळत होते, चार दिवस केले, पण काय सांगू तुम्हाला, माझा हात कापडाला लागत नाही, माझा हात लोखंडालाच लागतो. मग कतारगामला जयंतीभाईंकडे गेलो. त्यांच्याकडे मागाचे सुटे भाग करायचे, आणि तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, सुरतेतले किती तरी माग परदेशातून जुने होऊन आलेले, त्यांच्या मूळ कंपन्या बंद पडून वर्षे झाली, कुणाचे नावही उरले नाही, तरी ते माग आजही चालतात, ते कुणाच्या जिवावर? कतारगामच्या टर्नरांच्या जिवावर. मोडका भाग आणून टेबलावर टाकायचा आणि म्हणायचे असाच करून द्या. नकाशा नाही, पुस्तक नाही. मोडका भाग हाच नकाशा.

तिथे मी पहिल्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नगावर तीन टिंबे ठोकली. वडिलांचा पंच, म्हणजे टिंब ठोकायचे टोकदार हत्यार, मी गावाहून बरोबर आणला होता. बाकीचे टर्नर हसायचे, म्हणायचे, सुकलाल स्वतःची टांकसाळ चालवतो. पण जयंतीभाईंच्या लक्षात आले की मागवाले येऊन म्हणतात, त्रण टपकांवाळो माल आपजो. तीन टिंबांचाच माल द्या. तेव्हापासून कुणी हसले नाही. बावीस वर्षे झाली. भाग माझा असेल आणि मोडला तर तो माझ्याच लेथवर परत येतो. मी तो दुरुस्त करतो. हाताची सवय अशी की शेवटची कड साफ केली, फडक्याने पुसले, की उजवा हात आपोआप पंचाकडे जातो, डोळ्यांना विचारत नाही. ही सवय ध्यानात ठेवा, पुढचे सगळे तिच्यामुळे घडले.

आता हेलिकॉप्टर. रविवारी दुपारनंतर कामरेजच्या बाजूला आकाशात इतका आवाज झाला की लोक घरांतून बाहेर आले. पत्र्याच्या गोदामाएवढे एक हेलिकॉप्टर रानात उतरले. तुम्ही लग्नात, सभेत पाहता ते नव्हे. ते छोटे. हे एवढे की त्याच्या पोटात ट्रक चढतो, आणि त्या वेळी त्याच्या पोटात डोंगरी रस्ता कापायचा एक बुलडोझर होता. वाटेत काही बिघाडाचा दिवा लागला म्हणून चालकाने खाली घेतले. बिघाड त्यांच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच काढला. पण रान उंचसखल, आणि तपासणीसाठी मागचा दरवाजा उघडला तेव्हा, म्हणजे ज्या फळीवरून ट्रक आत जातो ती फळी, ती वाकडी टेकली आणि तिच्या कुलपातली एक पिन मोडली. वितीपेक्षा थोडी कमी लांब, दोन अंगठे जाड, एका बाजूला खांदा, दुसऱ्या बाजूला भोक. एवढीशी वस्तू. पण दरवाजा कुलपात बसल्याशिवाय ते उडू शकत नव्हते.

सोमवारी जीप कतारगामला आली. अधिकारी साहेब उतरले, बरोबर तपासनीस, केरळकडचे, बारीक अंगाचे, खिशात भिंग. त्यांनी आधी दोन-तीन कारखाने पाहिले होते, आणि एका मागवाल्याने त्यांना सांगितले की तीन टिंबेवाला शोधा. भाऊसाहेब, हे तुम्ही नीट लिहा. मला माझ्या खुणेनेच शोधून काढले होते. जयंतीभाई तर हात जोडून उभे, म्हणाले, साहेब, आ काम आखा सुरतमां एक ज माणस करशे, अख्ख्या सुरतेत एकच माणूस, आणि माझ्याकडे बोट.

मी आधीच विचारले, साहेब, हा उडायचा भाग आहे का? असेल तर मी हात लावणार नाही, मला त्याची विद्या नाही. साहेब म्हणाले, उस्ताद, उडने वाला पुर्ज़ा होता तो मैं आपके पास आता ही नहीं. यह दरवाज़े का ताला है, और मुझे इसे यहाँ से सिर्फ़ अपने अड्डे तक ले जाना है. तिथे पोहोचल्यावर पुढचे त्यांचे कारखाने पाहतील. मी विचारले, मग तुमच्याकडे अशी पिन शिल्लक नाही? साहेब हसले, पण कडू हसले. म्हणाले, ज्या देशाने हे यंत्र केले तो देशच फुटला. दरवाजा करणारा कारखाना एका राज्यात गेला, कुलूप करणारा दुसऱ्या राज्यात, पत्र एकाला लिहावे तर उत्तर तिसऱ्याचे येते, आणि एका रबरी कड्यासाठी महिनोन्‌महिने यंत्र उभे राहते. मी म्हणालो, साहेब, म्हणजे आमच्या मागांसारखेच. तपासनीस पहिल्यांदा हसले. म्हणाले, हाँ, बस थोड़ा बड़ा है.

पोलाद त्यांनीच आणले होते, पाणी दिलेल्या पोलादाचा एक गज, त्याच्याबरोबर त्याचा कागद, कुठल्या भट्टीचा, कुणी तपासला. त्यांच्याकडे लोखंडाला जन्मदाखला असतो हे मी त्या दिवशी पाहिले. गजाची लांबी मापली. दोन पिना निघतील, तिसरी निघणार नाही. साहेब म्हणाले, दूसरा गज दिल्ली की तरफ़ से आएगा, तब तक आसमान साफ़ रहे न रहे. बुलडोझर ज्या डोंगरात पाहिजे होता तिथे रस्ता ढासळून गाव तुटलेले. तेव्हा दोनच संधी.

साहेबांनी आणलेल्या पिनेच्या नकाशावरची अक्षरे परदेशी, उलटी-सुलटी, एकही वाचता येईना. पण आकडे तेच, आपलेच. मी आयुष्यभर सुतात मोजत आलो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि इथे मिलिमीटर, तोही शंभर तुकडे केलेला. तपासनिसांनी स्वतःचा मायक्रोमीटर दिला. मंगळवारी सकाळी उजाडल्यावर लेथ लावला. पाणी दिलेले पोलाद हट्टी असते, घाई केली की हत्याराची धार खाते. मी घाई केली नाही. कारखान्यातले बाकीचे लेथ बंद, सगळे माझ्यामागे उभे, जयंतीभाई दर पाच मिनिटांनी विचारतात, थयुं? झाले का? मी म्हणालो, शेठ, तुम्ही चहा मागवा आणि तो सावकाश प्या.

दुपारपर्यंत पिन झाली. काय सांगू तुम्हाला, आरशासारखी. मी कड साफ केली, फडक्याने पुसली, आणि टक, टक, टक. तीन टिंबे. मला कळलेसुद्धा नाही.

तपासनिसांनी मापली. लांबी बरोबर, जाडी बरोबर, खांदा बरोबर, भोक बरोबर. प्रत्येक मापाला मान डोलावत गेले. मग भिंग काढले, पिन फिरवली, आणि त्यांचा हात थांबला. चेहराच उतरला. विचारले, यह किसने मारा? मी अभिमानाने सांगितले, मी, ही माझी खूण. ते हळूच म्हणाले, भाईसाहब, यह टूटेगा तो यहीं से टूटेगा. ज्या भागावर ताण येतो त्याच्यावर एवढासा खड्डासुद्धा चालत नाही, म्हणाले. यंत्र थरथरते, त्या खड्ड्यातून केसाएवढी चीर सुरू होते, आणि एक दिवस ती पलीकडे पोहोचते. पिन बाद.

भाऊसाहेब, माझ्या पायाखालची जमीन गेली. जयंतीभाई ओरडले, सुकलाल, तें आ शुं कर्युं? आखा गामनी आबरू! हे काय केलेस, सगळ्या गावाची अब्रू! माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वडील म्हणायचे की मोडले तर खुणेवरून मला शोधतील, आणि हा शहाणा माणूस म्हणतो की खुणेमुळेच मोडेल. दोघांपैकी खोटे कोण? मी साहेबांना वडिलांची सगळी गोष्ट सांगितली, विळ्याची, परगावच्या माणसाची, पळून जायच्या मोकळ्या वाटेची. वाटले, हसतील. साहेब हसले नाहीत. टोपी काढून स्टुलावर बसले आणि म्हणाले, उस्ताद, आपके पिताजी बिलकुल सही थे. निशान हमारे यहाँ भी लगता है, मगर धातु पर नहीं, किताब में. प्रत्येक भागाची नोंद त्यांच्या वहीत असते, म्हणाले, तो कुठे झाला, कुणी तपासला, किती तास उडाला, केव्हा काढला. मला ते पटले. दोघेही खरे होते. लोखंड वेगळे, म्हणून खुणेची जागा वेगळी.

आता दुसरी आणि शेवटची पिन. मी पंच उचलला आणि जयंतीभाईंच्या हातात दिला. म्हणालो, शेठ, हा तुमच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा, मी मागितला तरी देऊ नका, पाया पडलो तरी देऊ नका. माझा माझ्या हातावर भरवसा नाही. त्यांनी पंच खिशात घालून वरून बटण लावले. पुन्हा लेथ लावला. आणि भाऊसाहेब, खरे सांगतो, दुसरी पिन पहिलीपेक्षा चांगली झाली, कारण पहिली मी सुकलाल टर्नर म्हणून केली आणि दुसरी करताना मला फक्त पिन दिसत होती. दिवस मावळायला आला तेव्हा शेवटची कड साफ केली, फडक्याने पुसली, आणि उजवा हात गेलाच. गेला पंचाच्या जागेकडे आणि रिकाम्या टेबलावर आपटला. सगळे हसले, मीही हसलो, आणि जयंतीभाईंनी दोन्ही हातांनी खिसा दाबून धरला.

तपासनिसांनी भिंग लावून पिन सगळीकडून पाहिली. मग भिंग खिशात घातले आणि मला म्हणाले, चलिए, आप ही लगाइए.

बुधवारी सकाळी जीपने कामरेजच्या पुढे नेले. लांबूनच पाती दिसली, एकेक पाते आमच्या चाळीएवढे लांब, स्वतःच्या भाराने खाली झुकलेली, जणू मोठा पक्षी डुलकी घेतोय. आतून एवढे मोठे की आमच्या कारखान्यातले सगळे लेथ आत मावले असते. आणि या एवढ्या पसाऱ्यात माझी जागा म्हणजे एक भोक. मी तेल लावले, पिन भोकाशी धरली आणि तळहाताने दाबली. हातोडा नाही, ठोकाठोकी नाही. ती आपण होऊन आत गेली, शेवटी श्वास सोडल्यासारखा हवेचा बारीक आवाज आला. दरवाजा वर घेतला, कुलूप बसले, खट्. भाऊसाहेब, आजवर मी हजारो भाग केले असतील, पण तो खट् माझ्या कानातून गेला नाही.

आम्हाला लांब उभे केले. पाती फिरू लागली, ऊस आडवा झाला, धूळ उडाली, वारा एवढा की जयंतीभाईंची टोपी गेली ती आजतागायत सापडली नाही. आणि ते गोदाम, पोटात बुलडोझर घेऊन, उचलले गेले. जयंतीभाई माझ्या कानात ओरडत होते, सुकलाल, तारी पिन जाय छे! तुझी पिन चालली! निघताना साहेबांनी बाद झालेली पिन माझ्या हातात ठेवली होती आणि म्हणाले होते, यह आप रखिए, इस पर आपका नाम है. त्या गडबडीत मी त्यांचे नाव विचारले नाही आणि त्यांनी माझे पूर्ण नाव लिहून घेतले की नाही, तेही मला ठाऊक नाही.

घरी येऊन सिंधूला सगळे सांगितले. ती आधी म्हणाली, तुम्हनं डोकं ठिकाणवर शे ना? मग मी पिन काढून दाखवली. तिने ती पदराने पुसली, तीन टिंबांवरून बोट फिरवले, ती माझ्या वडिलांच्या हातचा विळा माहेरी वापरत होती, तिला खूण ओळखू आली. म्हणाली, हाई पिन मी देवजोडे ठेवस. तेव्हापासून ती देवापाशी आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते तेव्हा पहिले कुंकू तिला लागते.

मागच्या उन्हाळ्यात गावी लग्नाला गेलो. माझा मेहुणा आनंदा, जिभेचा तिखट माणूस, पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, ते इमान दाखाडा ना. इमान म्हणजे आमच्या बोलीत विमान. मी पिन नेलीच होती, दाखवली, सगळी हकीकत सांगितली. तो पिन उलटसुलट करून म्हणाला, वा रे दाजी! जी पिनवर खूण शे ती इमानमा गई नही, नि जी इमानमा गई तिनावर खूण नही. मंग मी बी सांगस, ती मीच करी! पंगत हसून लोळली. बुंदी वाढणारासुद्धा हसला. आता गावात मला इमानवाला दाजी म्हणतात.

मला राग नाही आला, भाऊसाहेब. त्याचे बोलणे गणितासारखे बरोबर होते. आणि अभिमान तर माझा कुणी कमी करू शकत नाही, कारण तो खट् मी ऐकला आहे. आजही आकाशात मोठा आवाज झाला की कतारगामचा सगळा कारखाना लेथ थांबवून माझ्याकडे बघतो, म्हणतात, सुकलाल, तुझी पिन आली वाटते. मीही वर बघतो. फुटलेल्या देशाचे यंत्र, आणि त्याचा दरवाजा पांझराकाठच्या लोहाराच्या पोराने बंद केला, हे माझ्याकडून कोण काढून घेणार?

पण परतीच्या गाडीत एका गोष्टीने मला स्वस्थ बसू दिले नाही. लोक मानोत, न मानोत. वडिलांचा नियम मात्र माझ्याकडून मोडला गेला आहे. आयुष्यात एकच नग मी असा दिला की जो मोडला तर मला शोधत कुणी येऊ शकत नाही. साहेब म्हणाले होते, अड्ड्यापर्यंतच न्यायचे आहे. पण मला धंदा माहीत आहे. चालणारा भाग कोण काढतो? ती अजून तिथेच असली तर? झिजत आली असली तर? मी पळून गेलेला लोहार ठरतो. म्हणून मी तुमच्याकडे आलो, लिहा म्हणालो.

सबब, संबंधित अधिकारी साहेबांच्या चरणी निवेदन करणाराची नम्र पण आग्रहाची विनंती येणेप्रमाणे आहे. प्रशस्तिपत्र, बक्षीस किंवा मोबदला मागण्यासाठी हा अर्ज नाही. आपल्या यंत्राची जी वही आहे, ज्या वहीत प्रत्येक भागाचा जन्म लिहिलेला असतो असे आपणच सांगितले, त्या वहीत मागच्या दरवाजाच्या कुलपाच्या पिनेपुढे, जिथे खूण असावयास हवी होती त्या जागी, सुकलाल धुडकू लोहार, कतारगाम, सुरत, एवढे शब्द लिहावेत, आणि शक्य असल्यास त्यांच्यापुढे तीन टिंबे काढावीत, वर एक, खाली दोन. सदर पिन काढून टाकली असेल तर तसे कळवावे. झिजली किंवा मोडली असेल तर ती वरील पत्त्यावर परत पाठवावी, दुरुस्त करून देण्यात येईल, कारण ती आमची आहे. आणि ती अजून जागेवर असेल, तर दरवाजा नीट लागतो की नाही, एवढ्याच एका ओळीच्या उत्तराची निवेदन करणार वाट पाहत आहे. पंच त्याने जयंतीभाईंकडून परत घेतला आहे, लेथ चालू आहे, आणि पत्ता बदलणार नाही.

निवेदन करणाराची निशाणी: अक्षरी सही, व सहीखाली तीन टिंबे.